तीन आठवडे विश्रांती घेऊनही गुडघा का दुखतो?

वाचकाचं पत्र

वय २४, वजन ७१ किलो. दीड वर्षापासून पोलीस भरतीची तयारी करतोय. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर ५ किलोमीटर, आठवड्यातून दोनदा टेकडीचे चढ, रोज ३०० बैठका, एक दिवसाआड गोळा आणि पुलअप्स. चार महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंय, डावाही थोडा दुखतो. पळायला लागलं की पहिल्या अर्ध्या किलोमीटरला कळ येते, अंग तापलं की जाते, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जास्त दुखतं. तीन आठवडे सगळं बंद ठेवलं तेव्हा दुखणं गेलं. परत पळालो तर दुसऱ्याच दिवशी हजर. आता पेनकिलर खाऊन पळतो. एका डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, दुसऱ्यांनी इंजेक्शन घे म्हटलं. युरिक ॲसिड ७.२ आलंय. मध्यंतरी टायफॉईड झाला होता, त्याच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला. आता कोपर आतल्या बाजूनं दुखायला लागलंय. बारा-तेरा आठवड्यांत ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, लागेल म्हणतात. पळणं सोडू की रेटून नेऊ?

– एक भरती उमेदवार, सांगली जिल्हा

उत्तर

सोडूही नका, रेटूही नका. तुमच्या गुडघ्याला विश्रांती देऊन झाली आणि मारा करूनही झाला. मोजून वाढवत नेलेला भार तेवढा अजून मिळालेला नाही. हे दुखणं बहुतेक वेळा त्यानंच बरं होतं.

आधी दुखणं नक्की कुठलं ते घरीच तपासा. पाय लांब करून जमिनीवर बसा, मांडी पूर्ण ढिली सोडा. एका हातानं वाटीची वरची कड खाली दाबा म्हणजे खालचं टोक वर उचललं जाईल. त्या टोकाच्या कडेला दुसऱ्या हाताच्या एका बोटानं दाबा. नेमकी तिथंच तुमची ओळखीची कळ आली, आणि एका पायावर थोडं खाली बसताना जितकं खाली जाल तितकी ती त्याच जागी वाढली, तर दुखणं वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचं, म्हणजे टेंडनचं आहे. सुरुवातीला कळ, तापल्यावर आराम आणि दुसऱ्या दिवशी वसुली, हे तुम्ही लिहिलेलं चक्रही कंडरेचंच लक्षण आहे.

दुखरी जागा एका बोटानं दाखवता येत नसेल, वाटीच्या मागे किंवा सगळीकडून दुखत असेल, एसटीत दोन तास बसल्यावर गुडघा कुरकुरत असेल, तर दुखणं वाटीच्या सांध्याचं असण्याची शक्यता जास्त. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा पाय टाकल्यावर दगा देत असेल, तर आतली गादी किंवा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तपासून घ्यायला हवेत. आणि नडगीच्या हाडावरच एका जागी बोट ठेवल्यावर जीव जात असेल, चालतानाही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. भरतीच्या मुलांमध्ये हे बरंच आढळतं आणि शिन पेन, म्हणजे नडगीचं साधं दुखणं, म्हणून अंगावर काढलं जातं. तसं असेल तर पळणं त्याच दिवशी थांबवायचं आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. जांघेत खोलवर दुखत असेल तर त्याहून तातडीनं. पुढचं काहीही या दोन दुखण्यांना लागू नाही.

आता विश्रांती का लागू पडली नाही ते बघू. कंडरा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची असते, तिला रक्तपुरवठा कमी आणि तिची दुरुस्ती संथ. जोरदार व्यायामानंतरच्या पहिल्या दिवस-दीड दिवसात तिच्यात कोलॅजन बनतं त्यापेक्षा जास्त मोडतं. हिशोब जमेच्या बाजूला येतो तो त्यानंतर, आणि ते काम साधारण ७२ तासांपर्यंत चालतं. तुमच्या वेळापत्रकात रोज ३०० बैठका, रोज ५ किलोमीटर आणि दोनदा चढ आहेत. म्हणजे जमेचा दिवस उजाडायच्या आत पुन्हा खर्च. दम आणि स्नायू काही आठवड्यांत वाढतात, कंडरेला महिने लागतात. म्हणूनच शरीर तयार झाल्यासारखं वाटतं आणि गुडघा मागं राहतो.

पूर्ण विश्रांतीत कळ शांत होते, पण भार न मिळाल्यानं कंडरा आणखी मऊ पडते आणि मांडीचा स्नायूही उतरतो. तीन आठवड्यांनी तुम्ही आधीपेक्षा कमकुवत कंडरेवर आधीइतकाच भार टाकलात. दुसऱ्या दिवशी दुखणं आलं ते त्यामुळे.

बैठकांना मी दोष देणार नाही, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पैलवान घडवले आहेत. पण तालमीतला मुलगा लहानपणापासून वर्षानुवर्षं आकडा वाढवत जातो. भरतीची तयारी करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात शंभर आणि तिसऱ्यात तीनशे सांगितल्या जातात. टाचा उचलून, गुडघा पूर्ण दुमडून, तळातून हिसका देत उठताना कंडरेवर ताण सगळ्यात जास्त येतो. पुढचे आठ आठवडे त्या बंद. डोंगरचढ, पायऱ्यांवरून उड्या आणि १०० मीटरचे स्प्रिंटही सध्या बंद.

पहिले दोन आठवडे

एक फळी बनवून घ्या. ४० सेंटिमीटर लांब, टाचेकडची कड १७ सेंटिमीटर उंच, वर खरखरीत कागद चिकटवलेला. हा उतार २५ अंशांचा होतो आणि त्यावर बसक्या मारल्या की भार नेमका वाटीखालच्या कंडरेवर येतो. रोज सकाळी चहाच्या आधी या फळीवर उजव्या पायानं एकदाच, साधारण अर्धं खाली बसा आणि दुखणं ० ते १० मध्ये किती ते वहीत लिहा. हा आकडा तुमचा खरा प्रशिक्षक. व्यायाम करताना ३ पर्यंत दुखलं तरी चालेल. पण दुसऱ्या सकाळचा आकडा नेहमीपेक्षा २ नं वाढला, तर कालचा भार जास्त झाला. तो एक तृतीयांश कमी करा, शून्यावर आणू नका.

या काळातला मुख्य व्यायाम एका जागी धरून ठेवण्याचा. जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन असेल तर गुडघा साधारण ६० अंशांत वाकलेला ठेवून जड वजन ४५ सेकंद धरा, २ मिनिटं थांबा, असं ५ वेळा. आधी एक पाय, मग दुसरा. वजन असं की चाळिसाव्या सेकंदाला मांडी थरथरायला हवी. मशीन नसेल तर मजबूत रुंद पट्टा खांबाला गुडघ्याच्या उंचीवर बांधा, दोन्ही गुडघ्यांच्या मागून घ्या, मागे सरकून तो ताणा आणि नडगी उभी ठेवून खुर्चीवर बसल्यासारखे मागे बसा. तेही ५ वेळा ४५ सेकंद. दिवसातून एकदा पुरे, सकाळ-संध्याकाळ केलं तरी हरकत नाही. अनेकांची कळ यानं लगेच काही वेळापुरती उतरते, सगळ्यांची नाही. उतरली नाही म्हणून व्यायाम फुकट गेला असं समजू नका.

पळणं चालू ठेवा, पण एक दिवसाआड २० मिनिटं, सपाट मुरुमाच्या मैदानावर, बोलता येईल इतक्या वेगानं. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा जमिनीला लागतो ते मोजा. ४० भरले तर ४२ ते ४४ करा. वेग तोच, फक्त पावलं आखूड. एवढ्यानं गुडघ्यावरचा मार कमी होतो. उरलेल्या दिवशी दम टिकवायला ४० मिनिटं सायकल. सीटची उंची अशी की पेडल खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ व्हावा. खुजी सीट गुडघा जास्त दुमडते आणि तुमचंच दुखणं वाढवते.

तिसरा ते आठवा आठवडा: वजन, तेही सावकाश

खरी दुरुस्ती इथं होते आणि मुलं कंटाळून सोडतात तेही इथंच. सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन व्यायाम: लेग प्रेस, खांद्यावर बार घेऊन ९० अंशांपर्यंत स्क्वॅट, आणि लेग एक्स्टेन्शन. प्रत्येकाचे ४ सेट, मध्ये २ ते ३ मिनिटं विश्रांती. खाली जाताना ३ सेकंद, वर येताना ३ सेकंद. मनात मोजू नका, मोबाईलवर ठरावीक लयीत ठोके देणारं मेट्रोनोम लावा, कारण थकल्यावर माणूस नकळत भरभर करतो.

पहिल्या आठवड्यात १५ वेळा, आणि वजन असं की सोळाव्यांदा नीट उचलता येऊ नये. पुढचे दोन आठवडे १२, मग दोन आठवडे १०, त्यानंतर तीन आठवडे ८, आणि शेवटी ६. आकडा उतरतो तसं वजन चढायलाच हवं. डेन्मार्कमध्ये २००९ साली अशाच दुखण्याच्या खेळाडूंवर हा १२ आठवड्यांचा क्रम, उताराच्या फळीवरच्या बसक्या आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन यांची तुलना झाली. १२ आठवड्यांनी तिन्ही गटांना आराम होता. सहा महिन्यांनी इंजेक्शनवाल्यांचं दुखणं परतलं होतं, व्यायामवाल्यांचं नव्हतं.

जिम नसेल तर पाठीवर सॅक घ्या. कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे १० लिटर वाळूची सॅक साधारण १५ किलो. पाण्याचा २० लिटरचा जार छातीशी धरला तर २० किलो. एक पाय पुढे, एक मागे ठेवून पुढच्या पायावर भार घेत खाली बसा, वेग तोच ३ आणि ३ सेकंदांचा. दोन्ही पायांनी केलं तर दुखरा पाय गुपचूप काम चुकवतो आणि चांगला पाय सगळं उचलतो. म्हणून एकेका पायाचा व्यायाम वजनाच्या दिवसाच्या यादीत हवाच.

त्याच दिवशी पोटऱ्या. पायरीच्या कडेवर एका पायानं टाच वर-खाली, गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट आणि थोडा वाकवून १५ चे ३. पोटरी कच्ची असली की पळताना तिच्या वाट्याचा भार गुडघ्यावर जातो. भरतीच्या मुलांच्या मांड्या दणकट असतात आणि पोटऱ्यांकडे कुणी बघितलेलं नसतं.

नवव्या आठवड्यापासून वेग

सकाळचा आकडा सलग आठवडाभर २ किंवा कमी असेल आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळ आली असेल तरच इथं या. तारीख जवळ आली हे इथं येण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता तीन दिवसांचं चक्र. पहिला दिवस वेगाचा, दुसरा फक्त ४५ सेकंदांच्या धरण्याचा, तिसरा वजनाचा. मग पुन्हा वेग. अशानं दोन वेगवान दिवसांत ७२ तास पडतात. पहिल्यांदा दोन्ही पायांवर दोरीच्या उड्या ३० च्या ३ फेऱ्या आणि ६०-७० टक्के वेगानं १०० मीटर ४ वेळा. सकाळचा आकडा हलला नाही तर पुढच्या चक्रात ६ वेळा, मग वेग थोडा वाढवा. १६०० मीटरची तयारी ४०० मीटरच्या तुकड्यांनी: आधी ३, मग ४, मध्ये ३ मिनिटं चालणं. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, आधी अंतर, मग वेग, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) सगळ्यात शेवटी. नवे स्पाइक्स, नवा ट्रॅक आणि नवा वेग एकाच आठवड्यात आला की दुखणं कशानं परतलं ते कळत नाही.

तुमचे बाकीचे प्रश्न

इंजेक्शन नको. स्टिरॉइडनं कळ झपाट्यानं जाते, पण कंडरा कमजोर होते आणि कळ नसल्यानं मुलगा पूर्ण जोरानं पळतो. कंडरा तुटण्याचा धोका याच मार्गानं येतो. स्वतःच्या रक्तातून बनवलेलं पीआरपी महाग आहे, आणि नीट केलेल्या व्यायामापेक्षा त्याचा फायदा जास्त असल्याचं ठोसपणे दिसलेलं नाही.

एमआरआय आत्ता गरजेचा नाही. दुखणं एका बोटावर दाखवता येत असेल तर निदान हातानं होतं. शिवाय ज्यांना काहीच दुखत नाही अशा धावपटूंच्या कंडरेतही बदल दिसतात, आणि बरं झाल्यावरही ते चित्रात राहतात. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला आणि अन्नातून शरीरात उतरलेला किरणोत्सारी कार्बन-१४ वापरून डॅनिश संशोधकांनी टाचेच्या कंडरेचं वय मोजलं. तिचा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत बनतो आणि पुढे जवळपास बदलत नाही, असं त्यांना आढळलं. बिघडलेला भाग सहसा जसाच्या तसा नवा होत नाही, त्याच्या भोवतालचे चांगले धागे भार पेलायला शिकतात. म्हणून रिपोर्टमधला शब्द वाचून घाबरू नका. १२ आठवडे प्रामाणिकपणे करूनही फरक नसेल, किंवा गुडघा सुजू-अडकू लागला, तर मात्र तपासणी करा.

पेनकिलर खाऊन पळणं आजपासून बंद. तुमच्याकडे भार मोजायचं एकच साधन आहे, ते म्हणजे कळ, आणि गोळी नेमकं तेच बंद करते. पाणी कमी पिऊन, उन्हात, रिकाम्या पोटी या गोळ्या घेऊन पळलात तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही पणाला लागतात.

युरिक ॲसिड ७.२ हे पुरुषांच्या नेहमीच्या मर्यादेच्या जरासं वर आहे. तेवढ्यावरून गाऊट ठरत नाही आणि चार महिन्यांचं वाटीखालचं दुखणं त्यानं समजावताही येत नाही. गाऊटमध्ये बहुधा पायाचा अंगठा रात्रीत लाल होऊन सुजतो, चादरही सहन होत नाही. तसं कधी झालं नसेल तर फक्त या आकड्यासाठी गोळी सुरू करू नका.

टायफॉईडच्या गोळ्यांची पट्टी किंवा चिठ्ठी असेल तर बघा. औषधाच्या नावाचा शेवट ‘फ्लॉक्सासिन’ असा आहे का? सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं कंडरेला इजा करू शकतात, टाचेच्या कंडरेला सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ सालीच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. त्रास दोन दिवसांतही सुरू होतो आणि कोर्स संपल्यावर काही महिन्यांनीही. तुमचा गुडघा टायफॉईडच्या आधीपासून दुखत असेल तर मूळ कारण ते नाही. पण हे औषध घेतलं असेल तर उड्या आणि स्प्रिंट आणखी उशिरा सुरू करा. टाचेच्या वरची कंडरा दुखू लागली तर तो व्यायाम लगेच थांबवून डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे साध्या जुलाबालाही मेडिकलमधून या गोळ्या सहज दिल्या जातात. कसून व्यायाम करणाऱ्यांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मालिश मांडीला खुशाल करा, वाटीखालच्या दुखऱ्या जागी रगडू नका. टाच कुल्ल्याला लावून मांडी ताणण्यानं कळ वाढत असेल तर तेही सोडा. वाटीखाली बांधायचा पट्टा काहींना पळताना आराम देतो. चालेल, पण त्यानं बरं काही होत नाही.

खाण्यात प्रोटीन दिवसाला १०० ते ११५ ग्रॅम बसतंय का बघा, तुमच्या वजनाला तेवढं लागतं. पायाच्या रश्शानं किंवा कोलॅजनच्या डब्यानं कंडरा बरी होते असा भक्कम पुरावा नाही. त्या डब्याच्या पैशात महिनाभराची अंडी, डाळ, फुटाणे आणि दूध येतं. अभ्यासिकेत रात्री बारा आणि मैदानावर पहाटे पाच, हा क्रम मात्र खरंच मोडा. सात तास झोप नसेल तर वर लिहिलेलं सगळं निम्म्यानं लागू पडेल.

कोपराचं आत्ता सुरू झालंय, म्हणून लवकर आटपेल. तीन आठवडे पुलअप्स बंद. तळहात वर करून हात मांडीवर टेकवा, २-३ किलोचं डंबेल किंवा हातोडी मनगट सरळ ठेवून ४५ सेकंद धरा, ५ वेळा. दुसऱ्या आठवड्यापासून तेच ३ सेकंद वर, ३ सेकंद खाली, १५ चे ३ सेट, एक दिवसाआड. गोळा आठवड्यातून दोनदाच, जागेवरून १० ते १२ फेकी. कुणाकडून तरी बाजूनं व्हिडिओ काढून घ्या. फेकताना कोपर खाली पडत असेल तर गोळा ढकलला न जाता चेंडूसारखा फेकला जातो आणि सगळा ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो. करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर ते शिरेचं काम आहे, दाखवून घ्या.

सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ सांधे आखडलेले राहत असतील, रात्री दुखण्यानं जाग येत असेल, पाठही सकाळी धरत असेल किंवा त्वचेवर सोरायसिसचे चट्टे असतील, तर संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. तरुण वयातले काही संधिवात टाचेच्या किंवा गुडघ्याच्या कंडरेपासूनच सुरू होतात. आणि पळताना कधी ‘टक’ आवाज होऊन सरळ पाय उचलताच आला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ग्राउंड आठव्या आठवड्यातच लागलं तर? मैदानी चाचणीचे ५० गुण आहेत. १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळा यांत तुमचे कुठे किती पडतात ते आजच्या वेळेवर लिहून काढा. त्या परिस्थितीत सातव्या आठवड्यापासून, आकडा २ च्या आत असेल तरच, वेगाचे दोन-तीन दिवस बसवा. शेवटचे चार दिवस फक्त धरण्याचा व्यायाम आणि हलकं पळणं. ग्राउंडच्या सकाळी, धावायच्या सुमारे अर्धा तास आधी, पट्टा सोबत असेल तर ४५ सेकंदांचे ५ धरणे, नसेल तर भिंतीला पाठ लावून तेच, मग १० मिनिटं हळू पळून अंग तापवा. निकाल काहीही लागो, त्यानंतर ७२ तास पळू नका आणि चौथ्या दिवशी वजनाचा क्रम जिथं सोडला तिथून पुढे धरा. बैठका परत सुरू कराल तेव्हा २० च्या दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा, आणि दर आठवड्याला फार तर १० ची भर.